असुडाचे पाचवे प्रकरण

दिवाळीला चार दिवस राहिले की मी पिशवी घेऊन मंडईत जातो. आमच्या घराच्या कोपऱ्यावर हातगाडीवाला सगळे देतो आणि घरच्या मंडळींचे स्पष्ट मत असे की, मास्तरांना मंडईतून काहीही आणायला सांगू नये. ते निम्मे विसरतात आणि उरलेले महाग आणतात. हे मत खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मंडईत जाणे हा माझा बाजारहाट नसून विरंगुळा आहे. त्या अष्टकोनी मनोऱ्याभोवती झेंडूचे ढीग पडलेले असतात, लक्ष्मीपूजनाचे ऊस भिंतीला टेकून उभे असतात, नरकचतुर्दशीची कारिटे टोपलीत हिरवीगार चमकत असतात. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला त्यालाही आता फार वर्षे झाली. हल्ली तर मंडईच्या पोटाखालून मेट्रो धावते. वर मात्र कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहिल्यावाचून अजूनही कोणी घेत नाही.

तेथे एका मावशींकडून मी सीताफळे घेतो. त्या पुरंदरकडच्या. त्यांची नात माझ्या वर्गात होती, त्यामुळे मला दोन फळे वर मिळतात आणि चार गोष्टी ऐकाव्या लागतात. गेल्या दिवाळीत त्या म्हणाल्या, "मास्तर, नातीनं तुमची कादंबरी वाचून दाखवली मला. रोज रातच्याला थोडी थोडी."

लेखकाला याहून गोड फराळ कोणता! मी पिशवी खाली ठेवली.

"लई रडवलंत," मावशी म्हणाल्या. "म्हातारा मरतो तवा नातबी रडली. पर मला एक सांगा, त्यो पेरतो ते बी कुठनं आनतो?"

"म्हणजे?"

"घरचं असतं का दुकानातलं? जवारी कंची? जमीन काळी का मुरमाड? तुमी लिवलंय, त्यानं पेरलं आन् पाऊस आला न्हाई. मुरमाडात काय पेरायचं आन् काळीत काय, ह्ये त्याला ठावं असंल का न्हाई?"

मला उत्तर सुचले नाही. मावशींनी ते ताडले आणि विषय बदलावा म्हणून दोन टोपल्या पुढे ओढल्या. एका टोपलीतली फळे 'फुले पुरंदर' जातीची. ही जात पुरंदर तालुक्यातल्याच जाधववाडीच्या सरकारी संशोधन केंद्रात निघाली. दुसरीतल्या फळांना बाजारात 'गोल्डन' म्हणतात. ती बार्शी तालुक्यातल्या गोरमाळे गावच्या नवनाथ कसपटे या शेतकऱ्याने आपल्या बागेत निवडून काढली. फळे थोराड, बिया कमी, आणि झाडावरून उतरल्यावर टिकतातही जास्त. एक फळ केंद्राचे, एक शेतकऱ्याचे, आणि दोन्ही एकाच गाळ्यावर शेजारी शेजारी. मी दोन्ही घेतली. मावशींचा प्रश्नही पिशवीत घालून घरी आणला, आणि तो वर्षभर काही मला स्वस्थ बसू देईना.

हा लेख त्या प्रश्नाचा आहे. तो माझ्या एका कादंबरीपुरता असता तर मी येथे वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु शोध घेऊ लागलो तेव्हा दिसले की, आपल्या बहुतेक ग्रामीण वाङ्मयाला मावशी हाच प्रश्न विचारू शकतील.

*

मंडईचे नाव महात्मा फुले मंडई. ही इमारत १८८६ साली उघडली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच वास्तूला जोतीरावांचे नाव मिळाले. ज्या इमारतीला आपण विरोध केला तिच्यावरच आपले नाव लागावे, हा योग थोरांच्याच वाट्याला येतो.

पण नाव अगदीच अस्थानी पडले असे नाही. जोतीरावांच्या वडिलांचा धंदा फुलांचा आणि भाजीपाल्याचा. स्वतः जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, मांजरीला शेती केली. पाट, बांध, खत, मेंढी आणि बाजार हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. म्हणूनच १८८३ साली पुरे केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाला मी मराठीतला शेतीवरचा पहिला मोठा गद्यग्रंथ मानतो. आणि मावशींचा प्रश्न घेऊन मी पहिल्याने त्याच्याकडेच गेलो.

या पुस्तकाची पाच प्रकरणे आहेत. पहिल्या तिघांत शेतकरी नागवला कसा जातो याचा पाढा आहे. चौथ्यात शेतकऱ्याची आणि शेतीची त्या वेळची स्थिती आहे. कलेक्टरच्या तंबूवरून दाद न लागता परत येणारा, उन्हाने पोळलेला तो कुणबी, त्याचे घर, एका बाजूची गुरे, घरातली भांडी, त्याचे अन्न, सगळे इतके डोळ्यांनी पाहून लिहिलेले आहे की, आजही कादंबरी लिहिणाऱ्याने ते समोर ठेवून धडा गिरवावा. शाळा-कॉलेजांत, व्याख्यानांत आणि लेखांत 'असुडा'चे कौतुक होते ते बहुधा येथपर्यंत. त्याचा संताप आपल्याला पाठ असतो.

पाचवे प्रकरण मात्र फारसे कोणी वाचत नाही. त्यात सरकारने काय करावे याच्या सूचना आहेत, आणि 'सूचना' म्हटले की वाङ्मयाच्या वाचकाला डुलकी येते. मलाही पूर्वी आली होती. या खेपेस मी ते मावशींच्या कानांनी वाचले आणि खडबडून जागा झालो.

जोतीराव काय सांगतात? पलटणीतले आणि पोलिसांतले रिकामे हात लावून डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता शेतात मुरेल आणि मगच ओढ्याला मिळेल. पाणाड्यांकडून जमिनी तपासून विहिरींच्या जागा काढाव्यात. तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे शेतात नेऊ द्यावा. जंगलखात्याने घेतलेली गायराने गावांना परत करावीत. परमुलखातून उत्तम जातीची शेळ्यामेंढरे आणून त्यांची वीण येथे वाढवावी, म्हणजे खत मिळेल आणि लोकरही. पाटाचे पाणी प्रत्येकाला तोटीने, त्याच्या गरजेप्रमाणे द्यावे. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला गावठी बंदूक बाळगू द्यावी. शेतमालाची आणि जनावरांची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, त्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण मिळावे, परदेशातल्या शेतकी शाळा त्यांनी पाहाव्यात.

हा सव्वाशे वर्षांहून जुना कागद आहे हे क्षणभर विसरा. पाणलोट, मृद्संधारण, पशुपैदास, पाण्याचे मोजून वाटप, कृषिप्रदर्शन, कृषिशिक्षण! आज राज्यातल्या एखाद्या कृषी विद्यापीठाची विषयपत्रिका काढून पाहिली तर याहून फार निराळी निघणार नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचा वर्ग सुरू झाला तो १८७९ साली. म्हणजे शेतीचे शास्त्र आपल्याकडे नुकते पाळण्यात होते, आणि एका मराठी लेखकाने त्याच्या पुढच्या शतकाची टिपणी करून ठेवली होती.

प्रकरण निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यातला बहुतेक भार सरकारवर टाकलेला आहे. शेतकऱ्याने स्वतः शोध लावावा, प्रयोग करावा, याला त्यात जागा थोडी. भर पाणी, खत आणि जनावर यांच्यावर आहे. परंतु एक गोष्ट या प्रकरणात अशी आहे की जी पुढे हरवली. त्याच्या मागे चौथे प्रकरण आहे! ज्याने त्या घरातली भांडी मोजली तोच बंधारा सुचवतो आहे. मेंढीची जात सुचवताना लेंडीखत कोणाच्या शेतात पडणार हे त्याला माहीत आहे. आणि त्याने हे लिहून पेटीत ठेवले नाही. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्याने ते वाचून दाखवले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. 'दीनबंधू' पत्रात पहिली दोन प्रकरणे छापून आली आणि पुढची थांबली. सबंध पुस्तक त्यांच्या हयातीत निघालेच नाही.

*

आता मी माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. 'असुडा'नंतर मराठीत वाटणी झाली. चौथे प्रकरण आम्ही लेखकांनी घेतले, पाचवे शास्त्रज्ञांनी घेतले, आणि दोन्ही भावांमध्ये बोलणे बंद झाले.

लेखकांचा वाटा आधी पाहू, कारण मी त्या घरचा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. मी शिक्षक असल्यामुळे त्या तरुण मास्तरावर माझे विशेष प्रेम आहे. या कादंबरीत मेंढरे आहेत, रान आहे, आणि धनगराला मेंढराचे जे ज्ञान असते तेही आहे. माडगूळकरांची नजर त्यावरून घसरत नाही. दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ ची. नारबाचा जनावरांशी असलेला जिव्हाळा आणि ट्रॅक्टर आल्यावर तुटत गेलेला तो गोतावळा मराठी वाचक विसरलेला नाही. यंत्र का आले, कोणी सुचवले, त्याने कोणाचे भले झाले, हे नारबाला ठाऊक नाही म्हणून कादंबरीलाही नाही. तिच्या रचनेत ते योग्यच आहे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ ची. तिच्यात बियाणे, खत, कर्ज आणि शिकून रिकामा राहिलेला मुलगा हे सगळे आले, आणि मला वाटते मावशींच्या प्रश्नाला ही कादंबरी सर्वांत जवळ गेली.

ही उत्तम पुस्तके आहेत. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. त्यांच्या मागून चालत आलेल्या आम्हा पाठीराख्यांविषयी आहे. आम्ही त्यांच्याकडून दुष्काळ घेतला, मरण घेतले, बोली घेतली. त्यांचे निरीक्षण घेतले नाही. आमचा शेतकरी पेरतो, आभाळाकडे पाहतो, सावकाराकडे जातो आणि मरतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने कणसे पारखून बी ठेवले, त्याच्या हाती आम्ही फक्त कपाळ दिले. आम्ही त्याच्यावर दया केली, पण त्याला शहाणा मानले नाही. दया दाखवताना आपण वरच्या पायरीवर उभे असतो, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

याच्या उलट दुसरा एक प्रकार मराठीत होऊन गेला. शहरात शिकलेला पाटलाचा मुलगा गावी येतो, विहिरीवर इंजिन बसवतो, सहकारी सोसायटी काढतो, पीक दुप्पट होते आणि शेवटच्या प्रकरणात त्याचे लग्न लागते. येथे पाचवे प्रकरण आहे पण चौथे नाही. जमीन कसली, इंजिनाला पैसा कोणाचा, शेजारच्याच्या विहिरीचे पाणी खाली गेले की नाही, याची चौकशी नाही. पहिल्या तऱ्हेच्या कथेत शेतकऱ्याला डोके नाही आणि दुसऱ्या तऱ्हेच्या कथेत त्याला घर नाही.

*

आता दुसऱ्या भावाचे घर. शेतकी कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. पण बाजारातून धान्य आणणारा आणि भाकरी खाणारा मनुष्य म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो.

शास्त्रज्ञांपैकी चौथे प्रकरण कोणीच लिहिले नाही असे नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव घरोघर, शेतोशेत तपासून १९१७ साली त्यावर पुस्तक काढले. १७७१ साली त्या गावातली सरासरी शेतजमीन माणशी ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हे त्यांनी दाखवून दिले. बी आणि खत यांच्या आधी त्यांनी विचारले की, शेतकऱ्याकडे जमीन आहे किती, आणि ती किती तुकड्यांत? आज पिंपळे सौदागरला उंच इमारतींची दाटी आहे आणि त्या सात एकरांचाही हिशेब संपला. एका अख्ख्या गावाची चार पिढ्यांची कहाणी त्या आकड्यांत पडून आहे. एकाही मराठी कादंबरीकाराने ती उचलल्याचे माझ्या पाहण्यात नाही, मीही नाही.

पण मॅनसाहेबांची वाट पुढे रुंद झाली नाही. तिचा परिणाम आपण सगळ्यांनी ताटात पाहिला आहे. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण, सीएसएच-१, आले. दाणा भरपूर, ताट बुटके. ज्या काळात देश परदेशी गव्हावर दिवस काढत होता त्या काळात या वाणाने आणि त्याच्या पुढच्या भावंडांनी लाखो पोटे भरली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु खरिपात ते लवकर तयार होई, कणसावर पाऊस पडे आणि दाणा काळा पडे. भाकरीला चव येईना. ताट बुटके म्हणून कडबा कमी, आणि कडबा कमी म्हणजे बैलाच्या तोंडचा घास कमी. आमच्या आजीच्या पिढीने या सर्वांवर एका शब्दात अभिप्राय दिला. 'हायब्रीड' हा शब्द मराठी घरात शिवीसारखा झाला. उंची आहे पण ताकद नाही असा मुलगा हायब्रीड, दिसायला लाल पण बेचव टमाटा हायब्रीड, आणि सगळी नवी पिढी तर हायब्रीडच! एखाद्या संशोधनावर भाषेने इतकी सडेतोड समीक्षा लिहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

चूक शास्त्राची नव्हती. शास्त्राला प्रश्न अर्धाच दिला होता. एकरी किती क्विंटल, एवढेच विचारले. भाकरी कशी होते आणि बैल काय खातो, हे विचारले नाही. ते चौथ्या प्रकरणात होते!

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ हे भात काढले. त्याच्या उत्पन्नाने जग थक्क झाले. पण भात जाडा आणि निवला की कडक, म्हणून घरोघर नाके मुरडली गेली. याउलट गव्हाची गोष्ट पाहा. बोरलॉगसाहेबांचे मेक्सिकन गहू आपल्याकडे आले. १९६६ साली त्यांचे १८,००० टन बी देशाने आणवले. त्यांचा दाणा लाल होता, आणि लाल गव्हाची पोळी आपल्या माणसाला रुचत नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी ते ऐकले. त्याच वंशातून पिवळसर दाण्याचे 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' निवडले. दिल्लीच्या संस्थेने 'शरबती सोनोरा' काढला. पोळी लाटणाऱ्या बाईचे मत प्रयोगशाळेत पोहोचले आणि संशोधन घरोघर गेले. भाकरी थापणाऱ्या बाईचे मत पोहोचायला मात्र उशीर लागला. ती कोरडवाहू मुलखातली होती, तिचा आवाज दिल्लीपर्यंत जात नव्हता.

वास्तविक ज्वारीचे उत्तर आपल्या दारातच होते. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रात १९३० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांच्याच मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हे वाण काढले गेले. मोत्यासारखा दाणा, मऊ भाकरी, उंच कडबा. नव्वद वर्षे होत आली तरी रब्बीच्या ज्वारीत अजून त्याचेच नाव आधी निघते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मोहोळच्या त्या मंडळींनी नवे काही निर्माण केले नाही. शेतकऱ्याने शेकडो वर्षे जे निवडले होते त्यातले उत्तम पारखून घेतले.

पुण्याचेच उदाहरण हवे असेल तर मंडईतले डाळिंब उचला. १९३६ साली गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. चीमा यांनी 'आळंदी' या इथल्याच डाळिंबातून मऊ बियांची जात निवडली. पुढे तिला 'गणेश' नाव मिळाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात जन्मलेल्या आणि आज परदेशी जाणाऱ्या 'भगव्या' डाळिंबाच्या कुळात हाच गणेश आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतली 'तास-ए-गणेश' ही जात तर तासगावकडच्या वसंतराव आर्वे या बागायतदाराने आपल्या वेलींतून निवडली.

राहुरीचे हे विद्यापीठ १९६८ सालचे, आणि त्याला नाव जोतीरावांचे. त्यामुळे तेथल्या वाणांच्या नावाआधी 'फुले' येते. पूर्वी मला ही केवळ सरकारी रीत वाटे. आता नीट पाहिले तर काय दिसते? रब्बी ज्वारीत हलक्या जमिनीसाठी 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीसाठी 'फुले सुचित्रा', भारी जमिनीसाठी 'फुले वसुधा'. जमीन काळी का मुरमाड, हे कोणीतरी विचारले म्हणायचे! मावशींचा प्रश्न माझ्या आधी राहुरीला पोहोचला होता. आणि जोतीरावांच्या मेंढीचे काय झाले? फलटणला निंबकरांच्या संस्थेत बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार झाली. सव्वाशे वर्षे उलटल्यावर का होईना, पाचव्या प्रकरणातले एक कलम वठले.

*

या सगळ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला मंडईतच येतो. "बी कसलंबी आना, भाव कुठं हाय?" हा आक्षेप खोटा नाही. १९८० साली शरद जोशींनी चाकणला कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला तो उगाच नव्हे. पीक दुप्पट झाले की भाव निम्मा होतो, हे गणित शेतकऱ्याला पाठ आहे. परंतु यातून बियाचा प्रश्न सुटत नाही, तो वाढतो. कोणते बी पेरावे, कधी पेरावे, फळ किती दिवस टिकेल, म्हणजे भाव पडल्या दिवशी ते विकावे लागणार नाही, हे सारे त्याच हिशेबात येते.

दुसरा आक्षेप साहित्यिक मित्रांचा. कादंबरी म्हणजे काय शेतकीमासिक आहे? नाही. पण कोळ्याची कथा लिहिणाऱ्याला जाळे ठाऊक असावे लागते. विद्यार्थ्याने निबंधात 'शेतकरी आपला अन्नदाता आहे' असे लिहिले की मी लाल पेन्सिलीने विचारतो, "कोणते अन्न?" तो प्रश्न स्वतःच्या कादंबरीला विचारायला मला मावशी लागल्या.

आणि यात कथा नाही असे कोण म्हणेल? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची जमीन दीड-एक एकर. १९८३ साली भाताच्या शेतात त्यांना निराळ्या रंगाच्या दोन-चार लोंब्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर कापून मोकळा झाला असता. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि वर्षामागून वर्षे तेच केले. तो तांदूळ 'एचएमटी' या घड्याळाच्या नावाने अनेक राज्यांत गेला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केले. श्रेय कोणाचे यावर बराच वाद झाला. दादाजींना मान मिळाला, पैसा बेताचाच मिळाला. २०१८ साली ते गेले. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची मडकी राखून ठेवली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. दादाजींच्या आयुष्यात मरणाखेरीजही केवढे नाट्य आहे! जगात भूक होती, हाती दीड एकर होता आणि डोळे शाबूत होते. आमच्या ग्रामीण कथेने हे डोळेच लिहायचे सोडून दिले.

म्हणून या दिवाळीत लेखक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, आणि तिच्यात मी पहिला आहे. एखाद्या संशोधन केंद्राच्या शिवारफेरीला जावे. तेथले साहेब वाणाचे नाव आणि उतारा सांगतील. तेवढ्यावर परत फिरू नये. बांधावर उभ्या असलेल्या बाईला विचारावे, याची भाकरी कशी होते? आणि केंद्रातल्या मंडळींना विनंती अशी की, प्रयोगाच्या वहीत एकरी क्विंटलाच्या रकान्याशेजारी एक रकाना तिच्या उत्तरासाठी ठेवावा. जोतीरावांचे नाव दोघांनाही सारखेच वापरायचे आहे.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल की नाही, प्रकाशक जाणे. निघाली तर म्हाताऱ्याला मी मरू देईनच, कारण तो मरतोच. पण त्याआधी एक प्रकरण वाढवायचे आहे. सुगीनंतरच्या एका दुपारी म्हातारी खळ्यावर बसून कणसे पारखते आहे, त्यांतली मोजकी बाजूला काढून आढ्याला टांगते आहे, आणि म्हातारा तिच्याशी हुज्जत घालतो आहे की, हे नको, ते घे.

ती कोणते कणीस निवडते आणि का, हे मला अजून नीट माहीत नाही. परवा मंडईत गेलो तेव्हा मावशींना विचारले. त्यांनी शेजारणीला गाळ्यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि माझ्यासाठी पोते पसरले. अर्धा तास झाला तरी त्या अजून दाण्याच्या रंगावरच होत्या. आवळे आणायचे राहिले ते राहिलेच. घरी त्यावरून जे व्हायचे ते झाले.